सासूबाईंचं पातेलं आणि भावजींची कंदमुळं

बुधवार, ९ मार्च. सकाळी दूध नासलं. इस्त्रीचे कपडे आले, उशीचा एक अभ्रा कमी. भावजी कामावर गेले तसे परत आले. मानेवर, पोटावर आणि डोळ्यांखाली पित्ताच्या गांधी. डेपोच्या डॉक्टरांनी आजच्यापुरती बस काढून घेतली; दवाखान्यातून पथ्याचा कागद मिळाला. दुपारी दही विचारलं तर म्हणाले, "वहिनी, आता मला फक्त कंदमुळं चालतात."

त्या दिवशी मी एवढंच लिहिलं. त्यापुढे लिहायला बसले असते तर हसण्यानं अक्षर बिघडलं असतं, आणि डायरीत अक्षर बिघडलेलं मला चालत नाही.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत जात होते आणि जेवताना ताटाभोवती भात सांडत होते. आता रिटायर व्हायला आले आहेत, भात अजून सांडतात. सारं आयुष्य त्यांनी शहरातली बस चालवली. डेपोत त्यांना 'मौनी' म्हणतात, कारण ते हॉर्न वाजवत नाहीत. समोर हातगाडी आडवी पडली, मोटारवाला दार उघडून गप्पा मारत बसला, तरी हे आपले स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघतात. मागून प्रवासी ओरडले तर म्हणतात, "त्यालाही दिसतंय मी आहे म्हणून." त्यांच्या बसमध्ये उभ्या माणसाला दांडी धरावी लागत नाही, असं कंडक्टर लोक सांगतात. ते खरं आहे. मी स्वतः भाजीची पिशवी हातात घेऊन उभी राहिलेली आहे. पण ज्यांनी हे मौनी नाव ठेवलं त्यांनी एक दिवस आमच्या जिन्यात उभं राहून दाखवावं. हा माणूस घरात शिरला की तोंडाचा पट्टा सुरू, तो झोप लागेपर्यंत. रस्त्यावर न वाजवलेले सगळे हॉर्न ते घरी येऊन वाजवतात.

आम्ही खाली, म्हणजे आता मी एकटीच खाली. वर त्यांची एक खोली, एक गॅसची शेगडी आणि बशीएवढं बेसिन. त्या शेगडीवर ते पातेलं.

पातेल्याबद्दल सांगितल्याशिवाय भावजींबद्दल काही सांगता येणार नाही. माझ्या सासूबाईंचं ते पातेलं. जाड बुडाचं, दोन कानांचं, एक कान तारेनं बांधलेला. त्यात हाडांचा रस्सा. खाटकाकडून हाडं आणायची, पाण्यात घालायची, सकाळी एक उकळी, संध्याकाळी एक उकळी. लागेल तेवढा रस्सा काढून घ्यायचा आणि जेवढा काढला तेवढं पाणी वर घालायचं. संध्याकाळी एक चमचा तोंडात घालून मीठ बघायचं. पातेलं कधीही रिकामं करायचं नाही, हा नियम. सासूबाई म्हणायच्या, "पातेलं आटलं की घर आटलं." घासायचा प्रश्नच नव्हता, कारण घासायला ते आधी रिकामं व्हायला हवं.

शाळेत आम्हाला सिस्टर आरोग्य शिकवायच्या. त्यातलं बाकी सगळं विसरले, पण एक वाक्य राहिलं: शंका आली की टाकून द्या. मी सासरी आले त्याच दिवशी मला शंका आली. हे मी आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आईला दुखवू नकोस." आणि स्वतः बाहेरून खाऊन यायला लागले. असे आमचे हे.

भावजी मात्र त्या पातेल्यावर वाढले आणि त्यांनी ते कधी सोडलं नाही. एकदा त्यांचं लग्न जमत आलं होतं. मुलगी टाइपिस्ट होती, नीटनेटकी, बोलायला बरी. ती घर बघायला आली. स्वयंपाकघरात सासूबाईंनी मोठ्या कौतुकानं झाकण उचलून दाखवलं. मुलीनं आत बघितलं आणि विचारलं, "हे कधी केलं?" सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लग्नात चढवलं." त्या मुलीनं चहा अर्धा टाकला, घड्याळ बघितलं आणि गेली. ती शहाणी निघाली. भावजी अजून म्हणतात, "तिला घाई होती."

सासूबाई गेल्या तेव्हा मला तीन गाद्या आणि एक पारा उडालेला आरसा मिळाला. भावजींना पातेलं मिळालं. ते पातेलं दोन्ही हातांनी छातीशी धरून ते जिना चढले, आणि त्या दिवसापासून त्याची सकाळ-संध्याकाळची उकळी चुकली नाही.

तर हे पित्त. आधी कधीमधी उठायचं. मग वारंवार उठायला लागलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यानं गांधी बसायच्या, पण झोप यायची. बस चालवणाऱ्याला झोप येणारी गोळी म्हणजे आगीतून फुफाट्यात. डेपोच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: गोळी घेऊन बस चालवायची नाही, आणि डोळे सुजवून बस चालवायची नाही. मे महिन्याच्या शेवटी वार्षिक तपासणी आहे. तोपर्यंत रूट बंद; पथ्यानं बरं झालात तर ठीक. नाहीतर हरवलेल्या वस्तूंची खिडकी.

ही खिडकी डेपोच्या मागच्या अंगाला आहे. तिथे छत्र्या, डबे, मफलर आणि एकेकटे बूट असतात आणि त्यांच्यामध्ये एक माणूस असतो. ज्याची नजर गेली, ज्याचे गुडघे गेले, असा ड्रायव्हर तिथे बसवतात. पगार तोच. पण खिडकीतून फक्त भिंत दिसते. भावजी म्हणाले, "वहिनी, तिथे बसून बस निघाल्याचा आवाज येतो. कुठली निघाली ते आवाजावरून मला कळणार. आणि मी छत्र्यांना चिठ्ठ्या लावणार." एवढं बोलून ते गप्प झाले. म्हणून मला कळलं की हे प्रकरण गंभीर आहे.

पथ्याचा कागद देणारी बाई दवाखान्यात बसते. भावजी तिला 'आहारवाली' म्हणतात. तिच्या टेबलावर प्लास्टिकच्या भाज्या ठेवलेल्या असतात. तिनं सांगितलं की अन्नात हिस्टामिन नावाचं एक द्रव्य असतं. जुनं, साठवलेलं, आंबवलेलं खाल्लं की ते वाढतं, आणि भावजींच्या शरीराला ते आता झेपत नाही. म्हणून टोमॅटो बंद, पालक बंद, वांगं बंद, चीज बंद, व्हिनेगर बंद. ताजं शिजवा, लगेच खा. गाजर, बीट, मुळा, शलगम, रताळं, असली मुळं बहुतेकांना चालतात.

भावजींनी यातून काय घेतलं? "जमिनीखाली जे वाढतं ते चालतं." बस. पहिल्याच आठवड्यात शेंगदाण्यांची पुडी घेऊन आले.

"हे कशाला?" मी विचारलं.

"जमिनीखालीच लागतात. तुम्ही कधी शेंग उपटलेली बघितली नसेल."

"त्या कागदावर दाणे बंद लिहिलेत."

"ते झाडावरचे, वहिनी. बदाम वगैरे."

संध्याकाळी पाठीवर हातपंख्याएवढ्या गांधी. शेंगदाणे गेले.  मी पुडी उचलली आणि त्यांच्यासमोर खाल्ली.

मग सुरू झाला कंदमुळांचा खटला. भावजी रोज एकच मूळ खायचे आणि त्यावर निकाल द्यायचे. सकाळी बाजारातून निवडून आणायचे, माती निघेपर्यंत धुवायचे, सालं काढायचे आणि उकडायचे. खरंच सांगते, आपल्या बसची काच त्यांनी इतकी पुसली नसेल. भाजी शिजली की घड्याळाकडे बघत तिथेच उभ्या उभ्या खायची, कारण लगेच खा असं सांगितलं होतं. पथ्य पाळावं तर असं, असं कोणीही म्हणालं असतं. आणि दुसऱ्या दिवशी गांधी हजर.

सगळ्यात आधी बीट गेलं. "लाल भाजी, लाल गांधी. हे तर सरळ आहे," भावजी म्हणाले. मग मुळा गेला. "ज्याचा वास तोंडातून जात नाही तो रक्तातून काय जाणार?" मग गाजर. वाजली तर पुंगी, म्हणून आठवडाभर खाल्लं, नाही वाजली म्हणून तेही सोडलं. रताळं गोड म्हणून संशयित ठरलं. बटाटा साधा माणूस, त्याच्यावर त्यांचा विश्वास होता, पण एका सकाळी ओठ सुजला आणि बटाट्यानंही दगा दिला. शेवटी राहिलं शलगम. ते तीन-तीन वेळा धुतलेलं, फिकट, चव नसलेलं मूळ खाताना भावजींचं तोंड असं व्हायचं की वनवासातला ऋषीसुद्धा त्यांना अर्धी भाकरी देऊन गेला असता.

एक गोष्ट मात्र मला दिसत होती. पूर्वी गांधी अधूनमधून यायच्या. पथ्य सुरू झाल्यापासून रोज येऊ लागल्या.

"पथ्यानं वाढतंय हो तुमचं," मी म्हटलं.

"घाण बाहेर पडते आहे. आधी वाढतं, मग उतरतं."

"हे कोणी सांगितलं?"

"कंडक्टरनं. त्याच्या मेव्हण्याला झालं होतं."

मेव्हण्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये त्यांना नव्या बसच्या ट्रेनिंगसाठी दुसऱ्या गावी पाठवलं. काही दिवसांचाच प्रश्न होता. जाताना बॅग एका हातात आणि सूचना तोंडात. "वहिनी, सकाळी एक उकळी, संध्याकाळी एक उकळी. झाकण तिरकं ठेवायचं. मीठ बघायचं." मी म्हटलं, "मीठ बघणार नाही." ते म्हणाले, "बरं, उकळी तरी." नाकाला रुमाल लावून मी त्या उकळ्या दिल्या. माणूस शेजाऱ्याच्या मांजराला दूध घालतो, तसं.

परत आले ते गुलाबी होऊन. एक गांधी नाही. डोळे स्वच्छ. आणि खांद्यावर गाजरांची गोणी.

"तिथल्या कँटीनमध्ये रोज उकडलेली गाजरं खाल्ली. काही झालं नाही! कळलं का तुम्हाला? गाजराचा दोष नव्हताच. आपल्याकडच्या मातीचा दोष. तिथली माती वेगळी."

"म्हणून गोणी आणलीत?"

"मग काय, माती आणू?"

त्याच संध्याकाळी त्यांनी गोणीतली गाजरं मोठ्या थाटात शिजवली. सकाळी डावा डोळा उघडेना. मी वर गेले तर गोणीकडे तुच्छतेनं बघत बसले होते. म्हणाले, "प्रवासात शिळी झाली."

डोळा उघडत नाही म्हटल्यावर त्यांना एकट्याला रस्त्यावर पाठवणं बरोबर नव्हतं, म्हणून दवाखान्यात मी बरोबर गेले. आहारवाली बाई तरुण आहे, चष्मा डोक्यावर ठेवते आणि तो शोधते. प्लास्टिकच्या गाजरावर धूळ होती. जी बाई लोकांना ताजं खा म्हणते तिनं निदान गाजर पुसावं.

"काल रात्री काय खाल्लं?" तिनं विचारलं.

"गाजर."

"कशाबरोबर?"

"चमच्याबरोबर."

"ताजं होतं?"

"माझ्यासमोर शिजलं, माझ्यासमोर मी खाल्लं. तुम्ही सांगितलं तसंच."

"तेल, मसाला, लिंबू?"

"काही नाही. नुसतं पाण्यात उकडलं."

मला तेव्हा काही उमगलं होतं, असं सांगून मी मोठी होणार नाही. मला फक्त राग आला. इतकी वर्षं ज्याच्या वासानं मी खिडक्या उघडल्या, त्याला हा माणूस सरळ तोंडानं पाणी म्हणत होता.

"कुठलं पाणी ते सांगा त्यांना," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. तुमचा आईच्या पातेल्यावर आधीपासून दात आहे."

"कुठलं पातेलं?" बाईनं चष्मा डोळ्यांवर घेतला.

"काही नाही. घरचं पातेलं आहे. त्यातलं पाणी घेतो आणि त्यात उकडतो."

"नळाचं पाणी?"

"मुळात नळाचंच."

"त्यात आणखी काय असतं?"

"हाडं."

"ते कधी बनवलं?"

"बनवत नाही. असतं ते."

"म्हणजे रिकामं केव्हा करता?"

भावजींनी छताकडे बघितलं. मीही बघितलं. छताला पंखा होता, तो बंद होता.

"करत नाही," ते म्हणाले.

"या आठवड्यात केलं नाही?"

"कधीच केलं नाही. आईनं केलं असेल तर लग्नाआधी, तिच्या."

बाईनं पेन खाली ठेवलं. "अहो, मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. जुनं, साठवलेलं नको. तुम्ही रोज इतक्या वर्षांचा रस्सा खाताय!"

"खात नाही. गाजर खातो. रस्सा पितो. आणि तो मी नेहमीच पितो, त्याला कोण खाणं म्हणतं?"

"आणि पूर्वीपेक्षा जास्त पिताय का आता?"

"आता दुसरं काही चालतच नाही ना. दोन्ही वेळा त्यातच उकडतो. चव येते जरा."

"म्हणूनच वाढलं तुमचं!"

"पण रोज दोनदा उकळतो! उकळलं की सगळं मरतं."

"जंतू मरतात. हिस्टामिन उकळून जात नाही. ते मरायला जिवंतच नसतं."

भावजी माझ्याकडे वळले. एका डोळ्यानं. "मग माझं सगळं आयुष्य गेलं त्यावर, तेव्हा नाही काही झालं?"

"तेव्हा शरीरानं सोसलं," ती म्हणाली, "आता सोसत नाही. पातेलं टाका. मुळं नळाच्या पाण्यात उकडा. तपासणी जवळ आली आहे तुमची."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. बीट गेलं, मुळा गेला, गाजर दोनदा गेलं, आणि चोर आपला शेगडीवर झाकण तिरकं ठेवून बसलेला.

परत येताना आम्ही बसनं आलो. भावजी पुढे उभे राहून ड्रायव्हरचा पाय बघत होते, ब्रेक कसा लावतो ते.  जिन्यात थांबून म्हणाले, "त्यातलं खाणार नाही. पण टाकणार नाही."

आणि खरंच तसं केलं. माझ्याकडून एक स्टीलचं भांडं नेलं आणि नळाच्या पाण्यात मुळं उकडायला लागले. आठवड्यात चेहरा उतरला, म्हणजे सूज उतरली. बीट खाल्लं, काही नाही. मुळा खाल्ला, काही नाही. सगळे आरोपी निर्दोष सुटले. कोणाची माफी मात्र मागितली नाही. आणि तिकडे पातेल्याची सकाळ-संध्याकाळची उकळी चालूच. खाटकाकडून हाडं येतात, पाणी पडतं, झाकण तिरकं होतं, आणि खाणारं कोणी नाही.

"जनावर पाळलंत का?" मी विचारलं. "जनावर निदान दारात भुंकेल तरी."

"असू दे हो. तुमचं काय जातं?"

"माझी खिडकी जाते. ती मला बंद करता येत नाही."

तपासणी गुरुवारी होती. मंगळवारी सकाळी भावजी खाली आले ते तोंडाला टॉवेल लावून. वरचा ओठ वांग्यासारखा.

"काय खाल्लंत?"

"काही नाही."

"भावजी."

"मीठ बघितलं."

"किती?"

"एक चमचा."

मी वर गेले. बेसिनमध्ये वाटी होती. चांगली खोल वाटी, तळाला तुपकट कड. कुत्र्याचं शेपूट कितीही वर्षं नळीत ठेवा. खाली आले तर ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते, टॉवेल मांडीवर घेऊन.

"वहिनी, मी खिडकीवर बसलो तर कोणाचं काय बिघडणार आहे?"

"कोणाचंच नाही. बसा. छत्र्यांना तुमच्याइतका बोलणारा माणूस मिळायचा नाही."

ते हसले नाहीत. मग हळूच म्हणाले, "आई गेली तेव्हा मी ड्युटीवर होतो. निरोप मिळाला, बस डेपोत लावली, घरी आलो. आई गार झाली होती. पातेल्याला हात लावला तर ते गरम होतं. जाता जाता तिनं सकाळची उकळी देऊन ठेवली होती. ते मी गार कसं होऊ देऊ?"

हे ते आजवर कोणाला बोलले नव्हते. त्या पातेल्यामागे हट्ट आहे असं मी धरून चालले होते, आणि हट्ट होताच, पण त्याच्या बुडाशी हे होतं. दुसरं कोणी असतं तर डोळे पुसले असते. मला मात्र खरं काय ते माहीत होतं.

"भावजी," मी म्हटलं, "तुम्ही निघालात तेव्हा सासूबाई झोपल्या आहेत असं सगळ्यांना वाटलं, पण त्यांना शुद्ध नव्हती. ती उकळी मी दिली होती."

"तुम्ही?"

"मग काय पातेलं आपणहून उठलं? तुम्ही पहाटे बाहेर पडलात, घरात माणसं येणार होती, आणि सासूबाई डोळे उघडून पहिलं तेच विचारतील म्हणून दिली. त्यांनी डोळे उघडले नाहीत."

भावजी टॉवेलाची घडी घालू लागले. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, एकसारखी. त्यांना ती ऐकू आली की नाही कोण जाणे. एरवी असा आवाज आला की ते बडबडल्याशिवाय राहत नाहीत.

"आणि मीठ?" शेवटी त्यांनी विचारलं. "मीठ कोणी बघितलं होतं?"

"मीच."

"तरीच," भावजी म्हणाले. "तरीच त्या दिवशी खारट झालं होतं. मला वाटलं, आईचा हात शेवटी चुकला."

आणि उठले. वर गेले, पातेलं उचललं आणि पायरीपायरीनं खाली घेऊन आले, उभ्या प्रवाशांची बस आणावी तसं, एक थेंब न सांडता. त्यांचं बेसिन बशीएवढं, म्हणून माझ्या सिंकपाशी. म्हणाले, "तुम्ही बाहेर व्हा." मी झाले. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग ओतल्याचा आवाज आला, तो बराच वेळ आला. हाडं पडल्याचा आवाज आला. मग नळ सुरू झाला. ते बाहेर आले तेव्हा बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या, पातेलं उपडं करून ओट्यावर ठेवलं होतं आणि त्याचा तळ पांढरा नव्हता, काळाही नव्हता. कुठला रंग म्हणायचा ते मला आजही सांगता येत नाही. स्वयंपाकघरात उदबत्ती लावून मी दारं-खिडक्या सताड उघडल्या.

बुधवारी दिवसभर त्यांनी शलगम खाल्लं, नळाच्या पाण्यातलं. गुरुवारी तपासणीला गेले.

दुपारी आले ते मला शोधत नाही, तर जिन्यातच इस्त्रीवाल्याला धरून उभे. मी आतून ऐकत होते.

"पास! बस माझीच. डॉक्टर म्हणाले, कातडी अगदी लहान पोरासारखी. ओठ बघा."

"गोळी घेतलीत का, साहेब?"

"गोळी? छे! शलगम. पांढरं असतं ना, ते. कोणी खात नाही त्याला, म्हणून लोक आजारी. कोणतंही पित्त असू दे, शलगम. लिहून ठेवा. सगळी कंदमुळं मी पारखली, एकेक, महिनोन्महिने. कोणी इतकं केलं नसेल."

"आणि ते वरचं पातेलं? वास येत नाही आज."

"कुठलं पातेलं?" भावजी म्हणाले. "ते वहिनींनी टाकायला लावलं. त्यांना त्याचा जुना राग. घरात दोन माणसं, भांडण कशाला, म्हणून टाकलं."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. इस्त्रीवाल्यानं मान डोलावली. उद्या तोही शलगम आणणार आणि भाव वाढणार.

संध्याकाळी डायरीत लिहिलं: गुरुवार. भावजी तपासणीत पास, सोमवारपासून पूर्वीचाच रूट. उशीचा अभ्रा दुसऱ्यांच्या कपड्यांत सापडला, परत मिळाला. सिंक चरबीनं तुंबलं आहे. गरम पाणी ओतून उपयोग झाला नाही. प्लंबर उद्या सकाळी येतो म्हणाला.